एका दांडीची त्रेचाळीस कार्डं

बाथरूममध्ये एक दांडी बसवायची होती. स्टीलची, दीड फुटाची, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. अंघोळ करून उठताना माणूस तिला धरतो आणि पडत नाही, इतकाच तिचा उपयोग. यात गुंतागुंतीचं काही नाही हे मला तेव्हाही मान्य होतं, आजही आहे. पुढच्या महिन्याभरात जे घडलं त्याचा दोष दांडीला देता येणार नाही, आणि मलाही देता येणार नाही. यातला दुसरा भाग आमच्या घरात कोणी पुरता ऐकून घेत नाही, म्हणून सगळं क्रमवार लिहून ठेवतो आहे.

दांडी हवी होती सासऱ्यांसाठी. सासरे सत्त्याहत्तर वर्षांचे. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात, म्हणजे राहत होते. या सगळ्याच्या दोन महिने आधी अंघोळ करताना पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात वळायला लागला, तेव्हा बायकोनं त्यांना कायमचं आमच्याकडे या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, पंधरा दिवस येतो. कायमचं येऊन तिथं बसून काय करू, छत मोजू? आणि बोलण्यात संदिग्धता राहू नये म्हणून त्यांनी यायच्या तिकिटाआधी जायचं तिकीट काढलं.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिला मोजकं आणि स्पष्ट बोलायची सवय आहे, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं की या पंधरा दिवसांत बाबांना हे घर आपलं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर ते परत जातील आणि पुढच्या वेळी पडतील तेव्हा उचलायला कोणी नसेल. मग म्हणाली, "आधी बाथरूममध्ये दांडी बसवून घ्या. प्लंबरला फोन करा."

बसवून घ्या म्हणाली, बसवा म्हणाली नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर असले बारकावे कळायला लागतात. एरवी मी ते गिळले असते, पण त्याच आठवड्यात मी कार्यक्षमतेचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, तक्रार विभाग. दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या विभागातून एका माणसाला पाठवायचं होतं आणि साहेबांनी माझी निवड केली. बाकीचे दोघं रजेवर होते, हे तपशिलात जाणाऱ्या लोकांचं म्हणणं. शिकवायला एक टाय लावलेले सर होते. त्यांनी सांगितलं की कामं होत नाहीत याचं कारण आळस नसून कामं डोक्यात राहतात हे आहे. ती कार्डावर उतरवायची. एक फळा घ्यायचा, त्यावर तीन रकाने पाडायचे, करायचं, चालू आणि झालं, आणि कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवत न्यायचं. नियम फक्त तीन. जे काम पंधरा मिनिटांत होणार नाही त्याचे तुकडे करायचे. 'चालू'मध्ये एका वेळी एकच कार्ड. आणि कोणी काहीही काम सांगितलं तरी ते लगेच लिहून घ्यायचं. बावीस वर्षं नोकरी करून मला जे सुचलं नव्हतं ते या मनुष्यानं चहाच्या सुट्टीआधी सांगितलं होतं. मी भारावून घरी आलो. येतानाच फळा घेऊन आलो.

फळा भिंतीवर टांगायला खिळा हवा होता आणि खिळ्याला भोक हवं होतं, तेव्हा आधी दुहेरी चिकटपट्टीनं लावला. तो दोन तास टिकला आणि मग चपलांच्या कपाटावर कोसळला. शेवटी आमचा जुना डब्यासारखा टीव्ही खाली जमिनीवर ठेवला आणि टीव्हीच्या जागी फळा उभा केला. बायको त्या रात्री बातम्या बघायला जमिनीवर बसली आणि काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे चार प्रकार आहेत, त्यातला हा दुसरा.

मी पहिलं कार्ड लिहिलं, 'दांडी बसवणे'. हे पंधरा मिनिटांत होण्यासारखं नव्हतं. मग तुकडे केले. दांडीची गरज निश्चित करणे. जागा ठरवणे. उंची ठरवणे. दांड्यांचे प्रकार पाहणे. प्रकारांची तुलना करणे. अशी करता करता त्रेचाळीस कार्डं झाली. फळ्याचा पहिला रकाना भरून कार्डं खालच्या कपाटाच्या दारावर उतरली. बायकोनं चष्मा लावून पहिलं कार्ड वाचलं आणि म्हणाली की गरज बाबा पडले तेव्हाच निश्चित झाली. मी ते कार्ड तत्काळ 'झालं'मध्ये सरकवलं. पहिल्याच दिवशी एक काम पूर्ण. पद्धत चालते, याचा मला हा पुरावा वाटला.

उंचीच्या कार्डावर मात्र अडलो. समोरच्या फ्लॅटमध्ये निवृत्त प्राध्यापक राहतात. विषय भूगोल, पण सल्ल्याला विषयाची अट नसते. ते म्हणाले की दांडीची उंची माणसाच्या कोपराच्या उंचीवरून ठरते, अंदाजपंचे लावली तर तीच दांडी कपाळात बसते. कोपर सासऱ्यांकडे, तीनशे किलोमीटरवर. बायकोला सांगून फोन करायचा तर ती विचारणार की अजून उंचीवरच आहात का. मी ऑफिसमधून परस्पर फोन लावला. तब्येतीची चौकशी केली, हवापाणी विचारलं आणि सहज म्हणून म्हणालो, "बाबा, तुमचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे?"

मग त्यांनी विचारलं, "चपला घालून की अनवाणी?"

अनवाणी म्हणालो. थांबा म्हणाले. तीन मिनिटांनी परत आले आणि एक हजार अडतीस मिलिमीटर असा आकडा देऊन त्यांनी फोन ठेवला. का हवंय, काही विचारलं नाही. माझ्या सासऱ्यांचा हा स्वभाव मला फार आवडतो, असं त्या दिवशी मला वाटलं.

पुढचं कार्ड सोसायटीच्या परवानगीचं. आमच्या इमारतीत ड्रिल चालवायचं तर अर्ज करावा लागतो, तीन प्रतींत. अर्जात भोकांची संख्या, व्यास, खोली आणि उद्देश असे रकाने आहेत. आमचे सेक्रेटरी कडक आहेत. उद्देशाच्या रकान्यात मी 'सासरे' असं लिहिलं होतं, त्यावरून त्यांनी अर्ज परत केला. दुसऱ्या अर्जाला खालच्या मजल्याचं ना-हरकत पत्र नव्हतं. शिवाय ड्रिलची वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक, म्हणजे मी नेमका ऑफिसात बसून इतरांचे अर्ज परत करत असतो तेव्हाची. स्वतःच्या औषधाची चव माणसाला अशी कधीतरी घ्यावी लागते.

खालच्या मजल्यावर मावशी राहतात. त्या कपडे शिवतात. ना-हरकत पत्राला त्यांची हरकत नव्हती, फक्त कापड बेतताना वरून धक्के बसले तर कात्री सरकते, तेव्हा त्या वेळी ड्रिल नको. आणि त्यांची दाराची घंटा चार महिने वाजत नाही, ती तेवढी बघून द्या. मी तिसऱ्या नियमाप्रमाणे तिथंच कार्ड काढून लिहिलं, 'मावशींची घंटा'. मावशींना आपलं काम कोणी लिहून घेतल्याचं फार समाधान वाटलं. त्यांनी ते जिन्यात चौघींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाचं दार घासतं म्हणून सांगून गेले. सेक्रेटरींनी तिसऱ्या अर्जावर सही करताना सोसायटीच्या फाटकाची बिजागरी करकरते, याकडे लक्ष वेधलं. मी सगळं लिहून घेत होतो. दहा दिवसांत फळ्यावर दांडीची त्रेचाळीस आणि इमारतीची सव्वीस अशी एकोणसत्तर कार्डं लागली. लोक मला जिन्यात थांबून आदरानं विचारत की आमचं कुठवर आलं. 'करायचं'मध्ये आहे, असं मी सांगत असे. ऑफिसातही मी हेच सांगतो, पण तिथं लोक चिडतात.

बायकोनं मात्र त्या दहा दिवसांत दोनदा प्लंबरचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. मी दोन्हीदा पुसला. माझी जिद्द आता दांडीपुरती राहिली नव्हती.

सासरे शनिवारी यायचे होते. त्याआधीच्या गुरुवारी मी रजा टाकली. मावशी कापड बेतून उठल्याचा निरोप आला, प्राध्यापकांचं ड्रिल आलं, घड्याळात अकरा वाजले. मी एकतिसावं कार्ड, 'पहिले भोक पाडणे', समारंभपूर्वक 'चालू'मध्ये लावलं आणि बाथरूममध्ये गेलो. एक हजार अडतीस मिलिमीटरवर पेन्सिलीची खूण होती. ड्रिल टाइलमधून गेलं, सिमेंटमधून गेलं आणि मग एकदम काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं. पुढच्या क्षणी भिंतीतून पाण्याची धार आली आणि माझ्या चष्म्यावर बसली.

इथं लोक मला हसतात, म्हणून माझी बाजू नीट मांडतो. पाणी बंद करणं हे काम त्रेचाळीस कार्डांत नव्हतं. नसलेलं काम करायचं तर आधी कार्ड लिहायला हवं. मी हॉलमध्ये धावलो. ओल्या कार्डावर पेन उठेना. दुसरं कार्ड घेतलं, त्यावर 'मुख्य नळ बंद करणे' असं लिहिलं आणि 'चालू'मध्ये लावायला गेलो, तर तिथं एकतिसावं कार्ड होतं. ते 'झालं'मध्ये न्यावं तर भोक फक्त भिंतीला पाडायचं होतं की पाइपसकट, हा प्रश्न. परत 'करायचं'मध्ये न्यावं तर पाडलेलं भोक परत कसं घेणार? मी दोन्ही कार्डं हातात धरून उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. पाणी हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा दाराची घंटा वाजली.

मावशी असतील म्हणून मी घाबरतच दार उघडलं. दारात सासरे होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाली पाण्याकडे पाहिलं, पिशवी कोरड्या जागी टीव्हीवर ठेवली आणि विचारलं, "नळ कुठाय?"

मला माहीत नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसानं हे वाक्य उच्चारणं किती जड जातं, ते मी सांगत बसत नाही. सासऱ्यांनी बाथरूमच्या दारातून वर पाहिलं, पाइप कुठून कुठं जातो ते नजरेनं शोधलं आणि माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे नळ आहे असं सांगितलं. मी चढलो. नळ होता, पण तो वर्षानुवर्षं कोणी न फिरवल्यानं जाम झाला होता. तेव्हा त्यांनी भिंतीच्या भोकावर आपला अंगठा दाबला. धार थांबली.

"आता तुमचा अंगठा द्या," ते म्हणाले.

मी दिला. ते गच्चीवरच्या टाकीचा नळ बंद करायला गेले. त्याची किल्ली सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरी केस कापायला गेले होते. मी भिंतीत अंगठा घालून चाळीस मिनिटं उभा होतो. या काळात मावशी वर येऊन मला पाहून गेल्या. त्यांच्या छतातून पाणी एका गिऱ्हाइकाच्या बेतलेल्या कापडावर पडलं होतं, पण मला त्या अवस्थेत पाहून त्यांना बोलवेना. प्राध्यापक आले आणि आपलं ड्रिल घेऊन गेले. मी टायवाल्या सरांचा विचार करत होतो.

सासरे दोन दिवस आधी का आले, ते त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं. कोपराची उंची विचारलीत तेव्हाच कळलं की तुम्ही स्वतः दांडी बसवताय, म्हणून आधीची गाडी मिळते का ते बघत होतो. म्हटलं, फार बिघडायच्या आत पोचावं. हे त्यांनी कुत्सितपणे म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले.

संध्याकाळी बायको आली तोवर प्लंबरनं बाथरूमच्या सहा टाइल फोडून पाइप जोडला होता. भिंतीला खिंडार पडलं होतं, दांडी वेष्टणात होती आणि सासरे समोर प्राध्यापकांकडे अंघोळीला गेले होते. ती बाथरूमच्या दारात उभी राहिली. मी तिसऱ्या प्रकारच्या न बोलण्याची वाट पाहत होतो, पण ती बोलली. "मी एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली. "या घरात बाबांना दुसऱ्याच्या दारी अंघोळीला जावं लागलं. आता ते कशाला राहतील?" आणि ती आत जाऊन त्यांचं अंथरूण घालायला लागली. मला स्वतःची लाज वाटली. दांडीची नाही, फळ्याची नाही, सरळ स्वतःची वाटली.

शुक्रवारी ऑफिसात माझ्या टेबलावर एक तक्रार आली. वरून पाणी गळून मालाचं नुकसान झालं, संबंधित इसमावर कारवाई व्हावी. खाली मावशींची सही. इमारतीतली गळती आमच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, पण तक्रारीला सात दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे आणि उत्तर द्यायचं काम माझंच. 'संबंधित इसमास समज देण्यात आली आहे' असं मी लिहिलं. कार्यालयाच्या इतिहासात इतकं खरं उत्तर क्वचितच गेलं असेल.

घरी आलो तर सासरे फळ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. चष्मा नाकावर, काठी खुर्चीला टेकवलेली. ते कार्डं एकेक करून वाचत होते.

"हे कोणी लावलं?"

मी कबुली दिली. फळा आजच काढून टाकतो, असंही म्हणालो.

"काढायचा कशाला? आमच्याकडे हेच होतं. भिंतीवर खिळे होते. बस आली की तिचं कार्ड खिळ्यावर, काम झालं की कार्ड काढायचं." त्यांनी दांडीची सगळी कार्डं गोळा करून त्यांचा गठ्ठा केला. "पण त्रेचाळीस कशाला? दांडी एक, कार्ड एक."

गठ्ठा त्यांनी मला परत दिला. पाठीमागच्या बाजूनं कोरी आहेत, वापरता येतील म्हणाले.

शनिवारी त्यांनी मला टाइल आणायला पाठवलं, रविवारी सिमेंट सुकू दिलं आणि सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, अकरा वाजता दांडी बसली. मी दांडी धरली होती, त्यांनी स्क्रू पिळले. पूर्ण काम अठरा मिनिटांत झालं. मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडीला लटकून पाहिलं, आणि मलाही लटकायला लावलं. ती हलली नाही. मी कार्ड 'झालं'मध्ये लावायला गेलो, तर ते त्यांनी आधीच लावलेलं होतं.

आणि मग ते थांबलेच नाहीत. मंगळवारी मावशींची घंटा वाजली. ती ऐकून मावशी तीनदा दार उघडून बाहेर आल्या आणि तक्रार मागे घेतल्याचं पत्र त्यांनी शिलाईच्या कागदावरच लिहून दिलं. बुधवारी प्राध्यापकांच्या कपाटाच्या दाराला रंधा मारून झाला. फाटकाच्या बिजागरीला तेल घालताना सेक्रेटरींनी अर्जाचा विषय काढला, तेव्हा सासऱ्यांनी तेलाचा डबा त्यांच्याच हातात धरायला दिला आणि अर्ज तिथंच संपला. लोक आता त्यांना फोरमनसाहेब म्हणू लागले. जिन्यात माझी ओळख फोरमनसाहेबांचे जावई अशी झाली. बावीस वर्षांची नोकरी, एकोणसत्तर कार्डं आणि शेवटी हे पद, पण मी ते मान्य केलं. घरी येऊन सासरे चहा घेत, त्या दिवशीची कार्डं सरकवत, सही करत आणि छत न मोजता झोपी जात.

बायकोला मात्र ते जसजसे कामं संपवत तसतशी धडकी भरायला लागली. एक दिवस स्वयंपाकघरात भांडी लावता लावता ती म्हणाली, "लहानपणी बाबा उशिरा आले की आई सांगायची, खिळ्यावर कार्ड असेल. कार्ड असलं की ते घरी येत नसत. एकही शिल्लक असेल तर नाही." मग फळ्याकडे बघत म्हणाली, "चारच राहिलीत."

तो पुढच्या आठवड्यातला बुधवार होता. परतीची बस शुक्रवारी सकाळची. सासऱ्यांनी पिशवी खुर्चीवर काढून ठेवली होती आणि तिच्यात घडी केलेले दोन सदरेही गेले होते. ते राहतील का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर नाही म्हणाले असते, आणि एकदा नाही म्हटलं की तो माणूस मागं फिरत नाही.

मी तेव्हाच ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की काम पूर्ण न होऊ देणं हेही काम आहे, आणि त्याचा मला अनुभव दांडगा आहे. गुरुवारी मी पुन्हा रजा टाकली. सासरे उरलेली चार कार्डं घेऊन बाहेर पडले, तशी मी तो कोरा गठ्ठा काढला आणि घरभर फिरायला लागलो. स्वयंपाकघरातला खण अडकतो. खिडकीची काच वाजते. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. प्रत्येक बिघाडाला एक कार्ड. एकवीस वर्षं ज्या घरात मी सगळं ठीक आहे असं बायकोला पटवत आलो, त्या घरात दोन तासांत मला सतरा बिघाड सापडले. ती दुकानातून आली तेव्हा तिनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स न ठेवताच अठरावं लिहायला बसली.

पण सासऱ्यांचा वेग मला माहीत होता. सतरा-अठरा कार्डं म्हणजे त्यांची आठवड्याची बेगमी. पुढं काय? मी दूरचा विचार करून एक नियोजनाचं कार्ड लिहिलं, 'बाल्कनीच्या दाराची कडी सैल करणे'. कडी चांगली होती, घट्ट बसत होती. ती मी सावकाश सैल करणार, मग ती सैल झाल्याचं कार्ड लावणार, असा बेत होता. हे कार्ड माझ्या खिशात राहायला हवं होतं. पण कोणतंही काम लिहिलं की फळ्यावर लावायचं, हा नियम इतका अंगवळणी पडला होता की सगळ्या गठ्ठ्याबरोबर मी तेही लावून टाकलं. ते मला शुक्रवारी सकाळी सहा वाजता, दात घासताना आठवलं.

तसाच बाहेर आलो. सासरे बाल्कनीत उभे होते, अंघोळ झालेली, हातात चहाचा कप. पिशवी खुर्चीवर नव्हती. मी फळ्याकडे गेलो. बाल्कनीच्या कडीचं कार्ड 'करायचं'मध्ये नव्हतं. ते 'झालं'मध्ये होतं. माझ्या अक्षराखाली त्यांच्या फोरमनच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'सैल केली.' खाली तारीख आणि सही.

मी वळून त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही, फळ्याकडेच बघत राहिलो. 'करायचं'च्या रकान्यात अगदी वर एक नवं कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, 'परतीचे तिकीट रद्द करणे. जबाबदारी: जावईबापू. पंधरा मिनिटांचे काम आहे. तुकडे करू नयेत.'

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ते माझ्या आधीच वाचलेलं होतं. ती ओढणीनं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

मी टूथब्रश तोंडात तसाच ठेवून कार्ड 'चालू'मध्ये लावलं आणि मोबाइल घेतला. मध्येच सहा आकड्यांचा ओटीपी सासऱ्यांच्या फोनवर आला. तो त्यांनी मी न मागता, पाठ न वळवता, बाल्कनीतूनच मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. मग ते कार्ड मी स्वतःच्या हातानं 'झालं'मध्ये लावलं.

याला आता चार महिने झाले. फळ्यावर आज बावीस कार्डं आहेत, त्यातली बरीच मावशींची. बाल्कनीची कडी अजून सैल आहे, वारा आला की दार वाजतं. ती घट्ट करायचं कार्ड आमच्या घरात कोणीच लिहीत नाही.